अरण्याचा सातबारा

ब्राझील म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कॉफी, फुटबॉल आणि ॲमेझॉनचे अरण्य एवढेच उभे राहते. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकातही याहून फारसे काही नसते. पण त्या अवाढव्य देशाच्या दक्षिणेला एक थंड पठार आहे. तिथे हिवाळ्याच्या पहाटे दव गोठून कुरणे पांढरी होतात, माणसे घोंगडीसारखे पोंचो पांघरून चुलीभोवती बसतात आणि एकच तुंबा हातोहात फिरवीत कडू ‘माते’चा ऊन ऊन काढा चोखीत गप्पा मारतात. या पठारावर कुरितिबानोस नावाचे एक लहानसे शहर आहे. वस्ती सुमारे चाळीस हजार, उंची समुद्रसपाटीपासून हजार मीटरला थोडी कमी. आपल्या महाबळेश्वरापेक्षा खाली, पाचगणीपेक्षाही थोडे खालीच. पण थंडी मात्र दोघांना लाजवील अशी!

माझा भाचा नोकरीनिमित्त कुरितिबा या मोठ्या शहरी असतो. त्याच्या आग्रहाने गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी तिकडे गेलो, आणि तिथून मोटारीने सुमारे तीनशे किलोमीटर दक्षिणेला उतरून हे गाव पाहून आलो. भाच्याला वाटले होते, मामा समुद्रकिनारे पाहील, धबधबे पाहील. मामाला मात्र इतिहासाची खोड. या आडगावाच्या पोटात जी कथा दडलेली आहे ती दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांना सांगावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

वाटेत पहिल्यांदा नजरेत भरते ते तिथले झाड. त्याला अराउकारिया म्हणतात. तीस-चाळीस मीटर उंच, दंडगोल सरळ खोड, त्याला खाली एकही फांदी नाही. आणि अगदी शेंड्याला सगळ्या फांद्या बाहेर जाऊन टोकाशी वर वळलेल्या. देवळापुढची दीपमाळ जणू वाढता वाढता आभाळाला टेकली आहे! या झाडात नर निराळा, मादी निराळी. मादीला नारळाएवढे गोल फळ येते आणि त्यातून बोटाच्या पेराएवढ्या तांबूस बिया निघतात. त्यांना पिन्याव म्हणतात. मे-जून हा त्यांचा ऐन हंगाम. झाडाच्याच वाळक्या, काटेरी डहाळ्या पेटवून त्या जाळात बिया भाजायच्या, राखेतून उकरून सोलायच्या आणि गरम गरम खायच्या. चव आपल्या भाजलेल्या फणसाच्या आठळीच्या जवळची. निळ्या रंगाचा एक पक्षी या बिया पुढच्या बेगमीसाठी इथेतिथे लपवून ठेवतो आणि काही विसरतो. त्या विसरलेल्या बियांतून नवे झाड उगवते. तिथले लोक म्हणतात, आमचे अरण्य त्या पाखराने लावलेले आहे.

कानालाही एक गंमत भेटते. भाषा पोर्तुगीज, आपल्याला ओ की ठो कळत नाही. पण ‘मेझा’, ‘शावी’, ‘साबाव’, ‘बाल्दे’, ‘पाव’ असे शब्द मधूनच ओळखीचे हसू हसतात. मेज, चावी, साबण, बादली आणि पाव हे गोव्यावाटे आपल्या घरात शिरलेले पाहुणे तिकडे आपल्या माहेरी नांदत असतात. आणखी एक मौज म्हणजे तिथे शाळेच्या कुठल्याही मास्तराला ‘प्रोफेसोर’ म्हणतात. मॅट्रिक झालेल्या माझ्यासारख्याला आठ दिवस ही पदवी फुकट मिळाली!

गाव वसले ते खेचरांमुळे. अठराव्या शतकात ब्राझीलच्या मिनास प्रांतात सोन्याच्या खाणी निघाल्या. मालाची ने-आण करायला खेचरे हवीत, आणि खेचरे तर दूर दक्षिणेच्या गवताळ मुलखात. तेव्हा १७३० च्या सुमारास दक्षिणेकडून या पठारावरून सोरोकाबाच्या जनावरांच्या बाजारापर्यंत एक वाट पडली. आपल्याकडे लमाणांचे तांडे जसे बैलांवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरत, तसे हे खेचरवाले शेकडो जनावरे हाकीत या वाटेने जात. कुठे पाणी व कुरण पाहून मुक्काम करायचा, तिथे मग एखादी झोपडी, एखादे दुकान, एखादा क्रूस. कुरितिबाकडच्या लोकांच्या अशाच एका तळाला कुरितिबानोस हे नाव पडले. १८६९ साली त्याला स्वतंत्र नगराचा दर्जा मिळाला.

या तळाने त्याआधीच एक लढाई पाहिली होती, आणि तिच्यातली नायिका आपल्याला अगदीच परकी नाही. मॅझिनीचे आत्मचरित्र १९०७ साली सावरकरांनी मराठीत आणले, तेव्हापासून गॅरिबाल्डीचे नाव आपल्या घरोघर पोचले. हा गॅरिबाल्डी इटलीत नाव काढण्याआधी दक्षिण ब्राझीलच्या प्रजासत्ताकवादी बंडात लढत होता. तिथल्याच लागुना बंदरातली अनिता ही तरुणी १८३९ साली त्याच्याबरोबर निघाली. जानेवारी १८४० मध्ये कुरितिबानोसजवळ बंडखोरांचा मोड झाला आणि अनिता बादशाही सैन्याच्या हाती सापडली. गॅरिबाल्डी पडला असे तिला सांगण्यात आले. तिने प्रेतांतून त्याला शोधण्याची परवानगी मागितली. एकेक मुडदा उलथून पाहिला. तो त्यांत नव्हता. मग ती पहाऱ्यातून निसटली, एक घोडा मिळवला, पुराच्या कानोआस नदीत त्याच्यासह उडी टाकली आणि काही दिवसांनी गॅरिबाल्डीला जाऊन मिळाली. तेव्हा तिचे वय अठरा! आज ब्राझील आणि इटली या दोन्ही देशांत तिचे पुतळे आहेत.

परंतु मी ज्या कथेसाठी हे गाव गाठले ती याहून मोठी आणि याहून अंधारातली आहे. तिच्यात पुतळे होण्याजोगे कुणी फारसे नाही. सगळी साधी माणसे आहेत आणि भांडण जमिनीचे आहे.

या पठारावर काबोक्लो म्हणून ओळखले जाणारे लोक राहत. मूळ रहिवासी, पोर्तुगीज आणि आफ्रिकन अशा तिन्ही रक्तांची ही मिसळ. ते अरण्यात थोडा मका-घेवडा पेरीत, डुकरे मोकळी सोडीत, पिन्याव गोळा करीत, मातेची पाने खुडून विकीत. आजा जिथे राहिला तिथे नातू राहत होता. ही जमीन कुणाची, असा प्रश्नच त्यांना कधी पडला नव्हता. पण १८५० साली ब्राझीलमध्ये जमिनीचा कायदा झाला आणि सरकारी पडजमीन यापुढे विकत घेतल्याशिवाय मिळायची नाही असे ठरले. म्हणजे ज्याच्यापाशी कागद त्याची जमीन. आपल्या खेड्यापाड्यांतून सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी हेलपाटे घालणाऱ्या माणसाला या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ज्यांना ‘कर्नल’ म्हणत अशा बड्या जमीनदारांनी कचेरीत वशिला लावून कागद केले. अरण्यातल्या माणसाला तर सहीदेखील येत नव्हती.

त्यात आगगाडी आली. साव पावलोहून दक्षिणेकडे जाणाऱ्या लोहमार्गाचा मक्ता पर्सिव्हल फार्कर या अमेरिकन भांडवलदाराच्या कंपनीने घेतला. उनियाव दा व्हितोरियापासून उरुग्वाय नदीपर्यंतचा ३७२ किलोमीटरचा रस्ता १९१० साली पुरा झाला. सरकारची हमी किलोमीटरच्या हिशेबाने होती, म्हणून रूळ सरळ जाण्याऐवजी वळणे घेत गेले, असे तिथे आजही हसून सांगतात. हसण्यासारखे नव्हते ते पुढचे कलम. रुळांच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा किलोमीटरपर्यंतची जमीन कंपनीला देण्यात आली होती. तिथे राहणारी माणसे एका कलमाने घुसखोर ठरली. कंपनीच्या लाकूड-शाखेने त्रेस बारास येथे दक्षिण अमेरिकेतली सर्वांत मोठी समजली जाणारी करवत गिरणी घातली आणि शेकडो वर्षांच्या दीपमाळा एकामागून एक आडव्या होऊ लागल्या. मोकळी झालेली जमीन युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांना विकायची, असा बेत. लोहमार्गाच्या कामावर आणलेले हजारो मजूर काम संपताच वाऱ्यावर सोडले, तेही या भागातच भटकू लागले. भरीस भर म्हणून हा मुलूख कुणाचा याबद्दल पाराना आणि सांता कातारिना या दोन राज्यांत जुना तंटा होता. ‘तंट्याचा मुलूख’ म्हणून त्याचे नाव कोंतेस्तादो, आणि पुढच्या युद्धालाही तेच नाव मिळाले.

अशा वेळी माणूस कुणाकडे पाहतो? या लोकांपाशी एक आधार होता, आणि तो होता एका बैराग्याचा. इटलीत जन्मलेला जुआंव मारिया नावाचा एक साधू १८४४ च्या सुमारास ब्राझीलमध्ये आला. तो झऱ्याकाठी मुक्काम करी, झाडपाल्याचे औषध देई, क्रूस रोवी आणि पुढे निघून जाई. तो गेल्यावर अनेक वर्षांनी, १८९० नंतर, त्याच नावाचा दुसरा एक साधू त्या मुलखात फिरू लागला. लोकांच्या मनात दोघे एकच झाले. तो मेला नाही, डोंगरात गेला आहे, परत येईल, ही श्रद्धा घरोघर होती.

१९१२ साली जोझे मारिया नावाचा एक वैदू पुढे आला. लोक त्याला त्या साधूचाच भाऊ मानू लागले. ऑगस्टमध्ये कुरितिबानोसच्या हद्दीतील ताक्वारुसू या वस्तीवर जत्रा होती. जत्रा संपली तरी माणसे घरी जाईनात, कारण बहुतेकांना जायला घरच उरले नव्हते. गावच्या कर्नलने वरिष्ठांना तार ठोकली की, इथे बंड उठले आहे! जोझे मारिया भांडण टाळून अनुयायांसह पश्चिमेला इरानी येथे गेला. पण ती जागा पाराना राज्य आपली म्हणत होते. त्यांना वाटले, सांता कातारिनाने घुसखोर पाठवले. त्यांनी कर्नल जुआंव गुआल्बेर्तो याला पलटणीसह धाडले. २२ ऑक्टोबर १९१२ च्या सकाळी गाठ पडली, आणि थोड्याच वेळात वैदू आणि कर्नल दोघेही मरून पडले.

इथेच सगळे मिटायचे. पण अनुयायांनी वैद्याला पुरताना वर माती लोटली नाही, नुसत्या फळ्या टाकल्या. तो उठायचा होता ना! वर्षभरात अकरा-बारा वर्षांच्या तेओदोरा नावाच्या मुलीला तो दिसू लागला, आणि डिसेंबर १९१३ मध्ये ताक्वारुसूला माणसे पुन्हा जमली. त्यांनी ‘पवित्र वस्ती’ वसवली. जे असेल ते सर्वांनी वाटून खायचे, आपसांत पैशाचा व्यवहार करायचा नाही, असा नियम. पांढऱ्या कापडावर हिरवा क्रूस हे निशाण. पुरुषांनी डोकी भादरली, म्हणून ते ‘बोडके’. आणि कर्नलच्या बाजूचे ते ‘केसाळ’. त्यांच्यात शार्लमेन बादशहा आणि त्याच्या बारा सरदारांच्या गोष्टीचे पुस्तक वाचून दाखवीत, आपल्याकडे पांडवप्रताप वाचतात तसे. पोर्तुगीजमध्ये सरदाराला ‘पार’ म्हणतात आणि जोडीलाही ‘पार’च म्हणतात. तेव्हा या भोळ्या लोकांनी बारा जोड्या धरून चोवीस वीर निवडले! शस्त्रे पुरेना म्हणून लाकडी तलवारी केल्या. पुढे मारिया रोसा ही पंधरा वर्षांची मुलगी कारागुआताच्या वस्तीतून हुकूम देऊ लागली आणि दाढीमिशांचे लढवय्ये ते पाळू लागले.

याला उत्तर तोफांनी मिळाले. ८ फेब्रुवारी १९१४ रोजी ताक्वारुसूवर भडिमार झाला. लढणारे पुरुष बरेचसे आधीच कारागुआताला गेले होते. मागे होत्या त्या मुख्यतः बायका, मुले आणि म्हातारी माणसे. त्या दिवसानंतर भोळेपणा संपला आणि सूड सुरू झाला. सप्टेंबरात बंडखोरांनी काल्मोनचे स्टेशन आणि कंपनीची गिरणी जाळली. मातोस कोस्ता नावाचा कप्तान या लोकांशी बोलणी करावी म्हणत होता. यांचे गाऱ्हाणे जमिनीचे आहे हे त्याने ओळखले होते. नेमका तोच त्यांच्या हातून मारला गेला. जमिनीवर आमचा हक्क नाही, सगळे युरोपच्या लोकांसाठी राखले आहे, अशा अर्थाची बंडखोरांची एक वेडीवाकडी चिठ्ठी त्या दिवसांत मिळाली. सगळ्या युद्धात त्यांच्या बाजूने लिहिला गेलेला याहून बोलका कागद नसेल.

२६ सप्टेंबर १९१४ रोजी त्यांनी कुरितिबानोसवर चाल केली. गावकरी बहुतेक पळाले होते. सरसकट लूटमार करण्याऐवजी कर्नलचे घर, त्याच्या माणसांची घरे आणि सरकारी कचेऱ्या यांना त्यांनी निवडून आगी लावल्या. जमिनीचे दस्त जिथे ठेवलेले होते ती कचेरीही जळाली. गावातून फिरताना माझे मन राहून राहून तिथेच घुटमळत होते. ज्या कागदांनी आपल्याला बेघर केले ते कागद निरक्षर माणसांच्या डोळ्यांदेखत जळत असताना त्यांना काय वाटले असेल? आपल्याकडेही १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे होळीत घातली होती. सुप्याचा शेतकरी आणि कुरितिबानोसचा काबोक्लो यांनी एकमेकांचे नावही ऐकलेले नव्हते. पण कुठल्या वस्तूला आग लावायची, हे दोघांनाही कुणी शिकवावे लागले नाही.

कागद जळले म्हणून कायदा जळत नाही. जनरल सेतेंब्रिनो दे कार्व्हालो याने सुमारे सात हजार सैनिकांनिशी सारा मुलूख वेढला आणि धान्याच्या वाटा तोडल्या. ब्राझीलमध्ये युद्धकार्यासाठी विमाने पहिल्यांदा आणली गेली ती याच गरिबांविरुद्ध. १ मार्च १९१५ रोजी त्यांतला वैमानिक अपघातात मेला. एप्रिलमध्ये सांता मारियाचा मोठा तळ जाळण्यात आला. लोक उपासमारीने आणि रोगाने मरत होते; चामड्याचे पट्टे उकडून खात होते. शेवटचा पुढारी अदेओदातो १९१६ साली पकडला गेला. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला दोन्ही राज्यांनी करार करून मुलूख वाटून घेतला. चार वर्षांत किती मेले? अंदाज पाच हजारांपासून दहा हजारांपर्यंत आणि त्याहूनही वर जातात. मेलेल्यांचीही नोंद कागदावर नव्हती.

भाच्याच्या एका स्नेह्याच्या आजीने आम्हांला जेवायला बोलावले होते. वय नव्वदीच्या घरात. सगळे तिला ‘वोवो’, म्हणजे आजी म्हणतात. चुलीवर पिन्याव शिजत होते. मी युद्धाचा विषय काढला तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “प्रोफेसोर, लहानपणी आमच्या घरी त्या लढाईचे नाव काढायची बंदी होती. माझे आजोबा बोडक्यांत होते. पण बाहेर कुणाला सांगायचे नाही, अशी आईची सक्त ताकीद. सांगितले की लोक म्हणत, हा डाकूंचा वंश.”

भाचा भाषांतर करीत होता. मी विचारले, “मग आता कसे सांगता?”

ती हसली. “आता पोरे शाळेतून शिकून येतात आणि मलाच विचारतात. त्यांना खोटे कसे सांगू?”

एका पराभूत माणसाच्या घरात दोन पिढ्या तोंड शिवून बसल्या होत्या. सरकारी कागदांत त्यांना ‘धर्मवेडे’ आणि ‘डाकू’ म्हटले होते, आणि तोच शिक्का पोरांच्या कपाळावर बसू नये म्हणून आया गप्प राहिल्या. जमीन कागदाने गेली होतीच. मागाहून अब्रूही कागदानेच गेली. १९५० नंतर काही अभ्यासक या डोंगराळ वाटा तुडवीत म्हाताऱ्याकोताऱ्यांना भेटू लागले, त्यांचे बोलणे लिहून घेऊ लागले, तेव्हा कुठे दुसरी बाजू शाईत उतरली. आज कासादोर गावी या युद्धाचे वस्तुसंग्रहालय आहे आणि इरानीला, जिथे पहिली लढाई झाली, तिथे स्मारक आहे.

आणि अरण्य? एके काळी ही झाडे दक्षिण ब्राझीलमध्ये जवळजवळ दोन लाख चौरस किलोमीटर पसरली होती. आज त्यातले थोडे शेकडाच उरले आहेत, आणि त्या झाडाला कुऱ्हाड लावणे आता गुन्हा आहे. त्रेस बारासच्या गिरणीच्या जागेवर पुढे लष्कराचे सरावाचे मैदान झाले. ताक्वारुसूच्या बाजूला सफरचंदांच्या बागा आहेत. कुरितिबानोस लसणासाठी नावाजले. त्याच्या शेजारी १९६४ पासून जपानी शेतकऱ्यांची वसाहत आहे. तीत नागासाकीच्या अणुबाँबमधून वाचलेली माणसेही येऊन राहिली, आणि तिथे त्यांनी शांतीची घंटा टांगली आहे. एका युद्धाने होरपळलेल्यांना दुसऱ्या युद्धाने होरपळलेल्या मातीतच आसरा मिळावा, हा योग चमत्कारिक खरा.

परतीच्या वाटेवर एका ओढ्याकाठी जुआंव मारियाचा झरा पाहिला. ओबडधोबड लाकडी क्रूस, चार विझलेल्या मेणबत्त्या, रंगीत फिती, आणि दगडातून ठिबकणारे थंडगार पाणी. एक तरुण जोडपे तान्ह्या मुलाला घेऊन आले होते. त्यांनी ते पाणी मुलाच्या माथ्यावर शिंपडले, बाटलीत भरून घेतले, एक नवी मेणबत्ती लावली आणि आपल्या मोटारीतून निघून गेले. झरा कुणाच्या मालकीचा, असे मी भाच्याला त्यांच्याकडे विचारायला लावले होते. त्यांना प्रश्नच नीट कळला नाही. “झरा साधूचा आहे,” एवढेच ते म्हणाले.

त्या झऱ्याचा सातबारा कुठल्याही कचेरीत सापडायचा नाही. पण शंभराहून अधिक वर्षे, सैन्य येऊन गेले, गिरणी येऊन गेली, कर्नल गेले, तरी त्याच्या काठची मेणबत्ती कुणी ना कुणी लावीत आले आहे. कबजा वहिवाटीने सिद्ध होतो असे आपले जुने लोक म्हणत. ते खरे असेल तर त्या हरलेल्या माणसांनी निदान एवढी जमीन राखली, असे म्हणायला हरकत नाही.